दोष कोणाचा, भार कोणावर?

नभोवाणीवर उच्चारलेला शब्द हवेत विरून जातो, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु हवेत गेलेल्या शब्दांची झडती तेरा वर्षांनी घेण्याचा एक विलक्षण प्रसंग विसाव्या शतकाच्या इतिहासात घडला. १९४८ साली पॅलेस्टाइनमधील लाखो अरब आपली घरेदारे सोडून का गेले, हा तो वाद. इस्रायलच्या बाजूने असे सांगितले जाई, की अरब पुढाऱ्यांनीच नभोवाणीवरून त्यांना गावे रिकामी करण्याचा हुकूम दिला. आमच्या सैन्याला वाट द्या आणि विजयानंतर परत या, असे आश्वासन दिले. अरब बाजूचे म्हणणे असे, की त्यांना शस्त्राच्या धाकाने हाकलून लावण्यात आले.

एर्स्किन चाइल्डर्स या आयरिश लेखकाने हा हुकूम प्रत्यक्ष शोधण्याचे ठरविले. मध्यपूर्वेतील केंद्रांवरून होणारी भाषणे बी.बी.सी. त्या काळी ऐकून नोंदवून ठेवीत असे. त्या नोंदी त्याने तपासल्या आणि मे १९६१ मध्ये लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. गावे सोडा असा एकही हुकूम आपणास आढळला नाही. उलट, जागचे हलू नका अशा विनवण्या मात्र आढळल्या, असे त्याने लिहिले. त्यावर पत्रांचा पाऊस पडला, आणि तो वाद पुष्कळ दिवस चालू राहिला.

तेरा वर्षांपूर्वीच्या एका हुकुमासाठी एवढा अट्टहास का? कारण त्या हुकुमाच्या पोटात एक देणे दडलेले होते. लोक आपखुशीने किंवा आपल्याच पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून गेले असतील, तर त्यांच्या हालांचा भार त्या पुढाऱ्यांनी वाहावा. त्यांना हाकलले असेल, तर तो हाकलणाऱ्याने वाहावा. अशा रीतीने इतिहासाचा प्रश्न हा हिशेबाचा प्रश्न होऊन बसला. माझे म्हणणे एवढेच आहे, की हे दोन प्रश्न एकात एक गुंतवल्यामुळे इतिहासाचेही नुकसान झाले आणि त्या निराश्रितांचे तर त्याहून अधिक झाले.

प्रथम घटना पाहू. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत केला. विरोधी मतांत भारताचे एक मत होते. ज्यू पुढाऱ्यांनी ठराव स्वीकारला, अरबांनी नाकारला, आणि लगोलग चकमकींना आरंभ झाला. १४ मे १९४८ रोजी इस्रायल राज्याची घोषणा झाली, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या अरब राज्यांच्या फौजा आत शिरल्या. युद्ध थांबले तेव्हा सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब घराबाहेर होते. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणी मंडळाने १९४९ साली हा आकडा ७ लाख २६ हजार धरला. इस्रायलचा अंदाज त्याहून पुष्कळ कमी होता, तर अरब राज्यांचा पुष्कळ अधिक.

हे लोक का गेले, याचे उत्तर गावागणिक निराळे आहे. ९ एप्रिल १९४८ रोजी जेरुसलेमजवळच्या दैर यासीन या खेड्यावर इर्गुन आणि लेही या ज्यू सशस्त्र संघटनांनी हल्ला करून स्त्रिया-मुलांसह अनेकांना ठार केले. त्या वेळी मृतांचा आकडा २५४ सांगितला गेला. पुढे पॅलेस्टिनी संशोधकांनीच नावनिशीवार शोध घेऊन तो शंभराच्या थोडा वर असल्याचे दाखविले. चारच दिवसांनी त्याच शहरात हदासा रुग्णालयाकडे निघालेल्या ज्यू डॉक्टर-परिचारिकांच्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला आणि अठ्ठ्याहत्तर माणसे मारली. दैर यासीनची वार्ता अरब केंद्रांनी लोकांच्या मनात त्वेष जागवावा म्हणून तपशीलवार सांगितली. ऐकणाऱ्यांच्या मनात मात्र भीती जागी झाली. म्हणजे या पलायनात नभोवाणीचा हात नव्हता असे नाही. परंतु तो हुकमाचा नव्हे, धास्तीचा होता.

हैफा शहर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पडले. तोफांच्या भडिमाराने अरब वस्ती बंदराकडे धावत सुटली होती. शहराचा ज्यू नगराध्यक्ष शब्ताय लेवी याने अरब प्रतिनिधींना राहण्याची विनंती केली. परंतु शरणागतीच्या अटींवर सही करण्यापेक्षा त्यांनी शहर सोडून जाणे पत्करले. याउलट जुलैमध्ये लिद्दा आणि रामले येथील पन्नास हजारांहून अधिक रहिवाशांना इस्रायली सैन्याने हुकूम देऊन बाहेर काढले. लिद्दाचे लोक उन्हाळ्याच्या भर उन्हात पायी निघाले. त्यांतले कित्येक वाटेतच गतप्राण झाले. त्या कारवाईतील एक अधिकारी पुढे पंतप्रधान झाला व शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा मानकरीही ठरला. त्या यित्झाक राबिनने आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहिला. इस्रायलमध्ये तो मजकूर गाळण्यात आला, आणि १९७९ साली तो अमेरिकन वृत्तपत्रातून जगापुढे आला. त्याच आठवड्यात नाझरेथ पडले. तेथे बेन डंकलमन या सेनाधिकाऱ्याने रहिवाशांना हाकलण्याचे नाकारले, म्हणून ते अरब शहर आजही जागच्या जागी आहे.

तीस वर्षांनी इस्रायलची सरकारी दप्तरे हळूहळू खुली होऊ लागली. त्यांच्या आधारे बेनी मॉरिस या इस्रायली इतिहासकाराने १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावोगावची कारणे नोंदविणारा ग्रंथ लिहिला. कोठे प्रत्यक्ष हल्ला, कोठे हकालपट्टी, कोठे शेजारचे गाव पडल्याची भीती, तर क्वचित कोठे स्थानिक अरब पुढाऱ्यांचा आदेश, असे त्याला आढळले. अरब राज्यांच्या सार्वत्रिक हुकमाला आधार नाही, आणि पूर्वनियोजित सार्वत्रिक हकालपट्टीलाही नाही, असा त्याचा सारांश होता. तो दोन्ही बाजूंना रुचला नाही. एफ्राइम कार्श यांनी त्याच्यावर इस्रायलला अन्याय केल्याचा आरोप केला. तर नूर मसाल्हा यांच्यासारख्या पॅलेस्टिनी अभ्यासकांनी, समोर असलेल्या पुराव्यातून निघणारा कठोर निष्कर्ष तो काढीत नाही, असे म्हटले. पुढे इलान पापे या इस्रायली इतिहासकाराने तर ही योजनाबद्ध हकालपट्टीच होती असे प्रतिपादन केले. हा वाद आजही मिटलेला नाही.

परंतु कारभाराच्या दृष्टीने पाहणाऱ्याला यात एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. माणूस घर सोडून का गेला हा एक प्रश्न. त्याला परत का येऊ दिले नाही हा दुसरा. पहिल्याची उत्तरे शंभर असतील, दुसऱ्याचे मात्र एकच आहे. तो एका सरकारचा निर्णय होता. परतू पाहणाऱ्यांना येऊ द्यायचे नाही, हे धोरण १९४८च्या उन्हाळ्यातच ठरले. हे लोक परतले तर उद्याच्या युद्धात शत्रूचे साहाय्यक होतील, ही त्यामागची भीती होती. ११ डिसेंबर १९४८च्या ठरावात आमसभेने म्हटले, की जे आपल्या घरी परतून शेजाऱ्यांशी शांततेने राहू इच्छितात, त्यांना शक्य तितक्या लवकर परतू द्यावे. तू का गेलास, असा प्रश्न त्या ठरावाने विचारलेला नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१९५० साली इस्रायलने ‘गैरहजर’ व्यक्तींच्या मालमत्तेचा कायदा केला. देशाच्या हद्दीतच राहिलेल्या, पण ठरावीक काळात आपल्या गावी नसलेल्या अरबांनाही तो लागू झाला. त्यांना ‘हजर असलेले गैरहजर’ असे नाव पडले. हजेरीपटावर असा शेरा मारण्याची हिंमत एखाद्या कारकुनाला झाली नसती. ती कायद्याने दाखविली. अर्थात आपणही फार वरच्या पायरीवर उभे राहून बोलू नये. देश सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेचा कायदा त्याच वर्षी भारतातही झाला, आणि पाकिस्तानातही तसलेच कायदे होते. घर सोडलेल्या माणसाला कागदावर एक नाव दिले, की त्याच्या घराची वाट सोपी होते.

अरब राज्यांचाही हिशेब मांडला पाहिजे. जॉर्डनने बहुतेक निर्वासितांना नागरिकत्व दिले. परंतु लेबाननने त्यांना अनेक व्यवसायांची दारे बंद केली, आणि इजिप्तने गाझाची पट्टी १९६७ पर्यंत लष्करी अमलाखाली ठेवली. इराकने मार्च १९५० मध्ये, नागरिकत्वावर पाणी सोडणाऱ्या ज्यूंना देश सोडण्याची मुभा दिली, आणि वर्षभरानंतर त्यांची मालमत्ता गोठविली. सुमारे सव्वा लाख इराकी ज्यू इस्रायलमध्ये उतरले ते तंबूंच्या आणि पत्र्याच्या वसाहतींत. त्यांना घाबरविणारे बगदादमधले बाँब कोणी टाकले, हाही वाद अद्याप चालूच आहे. मार्च १९५१ मध्ये इस्रायलने जाहीर केले, की इराकी ज्यूंचे नुकसान पॅलेस्टिनी अरबांना द्यावयाच्या भरपाईच्या हिशेबात धरले जाईल. बगदादच्या दुकानदाराचे नुकसान लिद्दाच्या शेतकऱ्याच्या खाती वजा! त्या दोघांनी एकमेकांचे काहीच घेतले नव्हते.

या साऱ्या गदारोळात एक काम मात्र शहाणपणाने झाले. डिसेंबर १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या निर्वासितांसाठी एक खास संस्था स्थापन केली, आणि मे १९५० पासून ती कामाला लागली. परतण्याच्या हक्काला बाध न आणता मदत चालू ठेवावी, असे तिच्या ठरावातच नमूद आहे. जून १९४६ ते मे १९४८ या काळात पॅलेस्टाइनमध्ये राहणारा आणि घर व उपजीविका दोन्ही गमावलेला तो निर्वासित, अशी तिची व्याख्या. दोषाचा रकानाच तिच्या नोंदवहीत नाही. अल्प मुदतीची म्हणून काढलेली ही संस्था पुनःपुन्हा मुदतवाढ घेत राहिली. आरंभी तिच्या यादीत साडेसात लाख माणसे होती. वंशजांसह ती संख्या आता ५९ लाखांच्या आसपास गेली आहे.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसे मारली व २५१ ओलीस नेले. त्यानंतर गाझात झालेल्या युद्धात, तेथील आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे, ऑगस्ट २०२५ पर्यंत साठ हजारांहून अधिक पॅलेस्टिनी मेले. त्याच महिन्यात अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय पाहणीने गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचे घोषित केले. इस्रायलने ते नाकारले. हमास धान्य लुटतो आणि संयुक्त राष्ट्रांना ते वाटता येत नाही, असे म्हटले. संयुक्त राष्ट्रांनी उत्तर दिले, की नाक्यांवरील अडवणूक व रस्त्यांवरील असुरक्षितता हे खरे कारण. पंचाहत्तर वर्षांनी तोच वाद पुन्हा उभा राहिला. फरक इतकाच, की या खेपेस नोंदी शोधण्यासाठी तेरा वर्षे थांबावे लागले नाही. पिठाची पोती मात्र तरीही थांबली.

यावरून कोणीच दोषी नाही, असा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. लिद्दाचा हुकूम कोणी दिला, बगदादची मालमत्ता कोणी गोठविली, दैर यासीनमध्ये आणि हदासाच्या ताफ्यात माणसे कोणी मारली, हे शोधलेच पाहिजे, आणि ज्याचे देणे त्याच्या नावे लिहिलेच पाहिजे. चाइल्डर्सने नोंदवह्या चाळल्या ते योग्यच केले. परंतु तो निवाडा होईपर्यंत छावणीच्या दारात थाळी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला थांबा म्हणण्याचा अधिकार वादी किंवा प्रतिवादी कोणालाच नाही. त्याचा आजा हुकूम ऐकून निघाला होता, की तोफ ऐकून, हे त्या मुलाला ठाऊक नसते. त्याला फक्त एवढेच ठाऊक असते, की रांग पुढे सरकत नाही.