ऊस, इंजिन आणि विश्वास: ब्राझीलच्या इथेनॉलची कथा

१/ साल १९८९. ब्राझीलच्या शहरांत इंधनपंपांवर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. जगात तेलाचा तुटवडा नव्हता. देशात उसाचे मळेही उभे होते. तरी लक्षावधी गाड्यांना इंधन मिळेना, कारण त्या पेट्रोलवर चालतच नव्हत्या. त्या चालत उसापासून केलेल्या इथेनॉलवर. हे संकट कसे ओढवले, ते या धाग्यात पाहू.

२/ ब्राझीलला हे इंधन नवे नव्हते. १९३१ साली, जागतिक मंदीत साखरेचे भाव कोसळले असताना, जेतुलिओ व्हार्गस यांच्या सरकारने आयात पेट्रोलमध्ये ५ टक्के मद्यार्क मिसळणे सक्तीचे केले. हेतू पर्यावरणाचा नव्हता. शिल्लक ऊस खपावा आणि परकीय चलन वाचावे, एवढाच होता. साखरेचा भाव या कथेत पुढेही पुन्हा पुन्हा डोकावेल.

३/ १९७३ च्या अखेरीस अवघ्या काही महिन्यांत खनिज तेलाचे दर सुमारे चौपट झाले. ब्राझील आपल्या गरजेच्या जवळजवळ ८० टक्के तेल आयात करत असे. त्यातच १९७४ च्या शेवटी शिखरावर असलेला साखरेचा भाव १९७५ मध्ये घसरला. तेल महाग, साखर स्वस्त! १४ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो गाइझेल यांनी ‘प्रोआल्कूल’ योजनेचा हुकूम काढला.

४/ मागची प्रक्रिया सोपी आहे. उसाचा रस किंवा मळी यीस्टने आंबवायची आणि ऊर्ध्वपातनाने मद्यार्क वेगळा करायचा. उरलेले चिपाड बॉयलरमध्ये जाळले की कारखान्याला लागणारी उष्णताही त्यातूनच मिळते. इंधन जळताना बाहेर पडणारा कार्बन वाढत्या उसाने हवेतूनच घेतलेला असतो. म्हणून हे इंधन नवीकरणीय मानले जाते.

५/ अडचण इंजिनाची होती. इथेनॉल काही धातूंना गंजवते आणि थंडीत सहज पेट घेत नाही. साओ जोझे दोस काम्पोस येथील हवाई तंत्रकेंद्रात अभियंता उर्बानो एर्नेस्तो स्टुम्फ यांनी या प्रश्नांवर काम केले. १९७६ साली मद्यार्कावर चालणाऱ्या तीन गाड्यांनी देशभर हजारो किलोमीटरांचा प्रवास करून दाखवला.

६/ १९७९ मध्ये तेलाचा दुसरा भडका उडाला. त्याच वर्षी केवळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. तिच्या धुराला ‘कशासा’ या उसाच्या दारूचा वास येई, म्हणून लोकांनी तिला ‘कशासिन्या’ म्हटले. सरकारने इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त ठेवले, करात सवलत दिली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास विकल्या जाणाऱ्या १०० नव्या मोटारींपैकी ९० हून अधिक इथेनॉलच्या होत्या.

७/ मग चक्र उलटे फिरले. १९८६ मध्ये तेल कोसळले आणि इथेनॉलचे अनुदान तिजोरीला जड झाले. महागाईच्या काळात उत्पादकांना मिळणारा दर सरकारने दाबून ठेवला. उलट जागतिक बाजारात साखर वधारली. त्याच उसाची साखर करणे अधिक फायद्याचे ठरले. इंधन आटले, आणि मद्यार्काचा हा देश मद्यार्क आयात करू लागला.

८/ खरी हानी विश्वासाची झाली. गाडी एकाच इंधनावर चालणारी. मालकाला दुसरा मार्ग नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर नव्या इथेनॉल गाड्यांची विक्री जवळजवळ शून्यावर आली. योजनेची आणखी एक किंमत शेतात मोजली जात होती: पेटवलेल्या फडांच्या काजळीत राबणारे ऊसतोड मजूर ती मोजत होते.

९/ पुनरागमन २००३ मध्ये झाले. फोक्सवागनची ‘गोल टोटल फ्लेक्स’ पेट्रोल, इथेनॉल किंवा दोहोंच्या कोणत्याही मिश्रणावर चालू लागली. एक लिटर इथेनॉल साधारण ७० टक्के लिटर पेट्रोलइतके अंतर नेते. त्यामुळे पंपावर ब्राझिलियन चालक सोपा हिशेब करतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. निवड सरकारकडून ग्राहकाच्या हाती आली.

१०/ आपल्याकडे मिश्रणाचे प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले. त्यांत महाराष्ट्रातील मिरज आणि मनमाड होते. २००३ मध्ये अनेक राज्यांत ५ टक्के मिश्रण लागू झाले. डिसेंबर २०२३ मध्ये, ऊस कमी पडण्याच्या भीतीने, केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर त्या हंगामापुरते निर्बंध घातले. त्यासाठी भांडवल गुंतवलेल्या कारखान्यांना तो निर्णय हंगाम सुरू झाल्यावर कळला.

११/ साखर आणि इंधन एकाच उसातून निघतात, तोवर ही ओढाताण अटळ आहे. पाऊस आणि बाजार कुणाच्याच हाती नाहीत. वाईट वर्षी थांबायचे कुणी, साखर खाणाऱ्याने, गाडी चालवणाऱ्याने की ऊस पिकवणाऱ्याने, हे मात्र आधी ठरवता येते. ब्राझीलने ते ठरवले नव्हते. १९८९ च्या रांगा त्याचीच साक्ष आहेत.