ताजमहालाच्या घुमटात फ्लूट वाजवणारे पॉल हॉर्न कोण होते?

पॉल हॉर्न (१९३०-२०१४) हे अमेरिकन वादक. फ्लूट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ही तिन्ही वाद्ये त्यांच्या हातात सारखीच बसलेली. शिक्षण पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे, पण नाव झाले जॅझमध्ये, चिको हॅमिल्टन यांच्या वाद्यवृंदातून. पुढे ते महर्षी महेश योगींकडे ध्यान शिकायला भारतात आले आणि १९६७ साली भारतीय वादकांच्या साथीने त्यांनी दोन अल्बम केले. रागसंगीत ऐकायचे असेल तर हेच ऐकावेत.

प्रसिद्ध मात्र झाला तो १९६८चा ‘इनसाइड’. बीटल्स ऋषिकेशला होते, त्याच वर्षीची ही गोष्ट. एका रात्री ताजमहालाच्या मुख्य घुमटाखाली हॉर्न यांनी एकट्याने फ्लूट वाजवली आणि ती ध्वनिमुद्रित झाली. फ्लूट म्हणजे आपली बांबूची बासरी नव्हे, तर धातूची, कळा असलेली पाश्चात्त्य बासरी.

तिथे एक स्वर सुमारे २८ सेकंद घुमत राहतो, असे सांगतात. भरभर वाजवले तर सगळा गोंधळच व्हायचा! म्हणून हॉर्न एक स्वर सोडतात, थांबतात, मग दुसरा त्याच्यावर ठेवतात. आधीचे स्वर विरलेले नसतात, त्यामुळे एकटी फ्लूट स्वतःलाच साथ करते. जॅझमधली चपळाई इथे औषधालाही नाही, आणि रागही मांडलेला नाही. आहे ती आलापाची सबुरी.

मधूनच एक पुरुषी आवाज घुमतो. तो गाणारा माणूस तिथला पहारेकरी होता.