निजामाची नसलेली गाडी

मागच्या वर्षी रमजान ईद होऊन आठवडा झाला असेल. एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, आमच्या घरी निजामाची गाडी आहे. एकदा येऊन बघा ना."

मोताळ्याजवळचं गाव. गोठ्याच्या मागच्या पडवीत कडब्याखाली ती गाडी होती. गाडी म्हणजे काय, तर लोखंडी सांगाडा, गंजलेलं इंजिन, पुढची काळी जाळी, लाकडी आऱ्यांची दोन चाकं आणि एक चपटी टाकी. बाकी सगळं वाळवीने आणि भंगारवाल्यांनी नेलं होतं. घरातली गोष्ट अशी, की पणजोबा हैदराबादच्या निजामाकडे मोटार चालवायला होते आणि निजामाने खूश होऊन ही गाडी त्यांना बक्षीस दिली.

आपल्या वऱ्हाडात अशी गोष्ट पटकन पटते. त्याला कारणही आहे. बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडात येतो, तो मुलूख निजामाचा होता. 1853 च्या तहाने तो कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून तो वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने लिहून घेतला आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला. तरी नावापुरती मालकी निजामाचीच राहिली. 1936 च्या करारानंतर तर हैदराबादच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. त्यामुळे आमच्याकडे जुनी तलवार निघाली की ती निजामाची, जुनं झुंबर निघालं की तेही निजामाचं. मग मोटार कशी सुटेल?

शिवाय निजामाच्या मोटारींची कीर्ती खोटी नाही. महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसची 'सिल्व्हर घोस्ट' मागवली होती. ती हाती पडण्याआधीच, ऑगस्ट 1911 मध्ये, त्यांचा इंतकाल झाला आणि गाडी आली ती त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या काळात. पिवळ्या रंगाची, मागची बैठक तख्तासारखी उंच केलेली. समारंभापुरतीच ती बाहेर निघे, म्हणून इतक्या वर्षांत ती फार थोडे मैल चालली. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आज ती बघायला मिळते.

त्या विद्यार्थ्याच्या घरी आमच्याआधी एक बाहेरगावचा व्यापारी येऊन गेला होता. त्याने सांगितलं होतं, सांगाड्याला पत्रा चढवू, पिवळा रंग मारू. मात्र गाडी निजामाने दिली असा एखादा जुना कागद पाहिजे. कागद असेल तर एक भाव, नसेल तर भंगाराचा भाव. मला बोलावण्याचं खरं कारण चहा पिताना कळलं. विद्यार्थ्याचे वडील खाली मान घालून म्हणाले, "मास्तर, तुम्ही उर्दूचे. जुन्या वळणात चार ओळी लिहून दिल्या तर..." घरात मुलीचं लग्न ठरलेलं होतं. मी त्यांना तिथल्या तिथे नाही म्हणू शकलो नाही, हेही कबूल करतो. "आधी गाडी कोणती ते तर बघू," एवढंच म्हणालो आणि निघालो.

पुढच्या जुम्याला नमाजनंतर मी आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना घेऊन गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तरुणपणी मुंबईत मोटार दुरुस्तीच्या कामाला होते आणि चोरबाजारातून जुने सुटे भाग शोधून आणण्यात त्यांची हयात गेली. उर्दू चौथीपर्यंत शिकलेले. पण लोखंड ते असं वाचतात, की मला आमच्या बीएडच्या वर्गाची लाज वाटली.

चाचा आधी जमिनीवर बसले आणि सांगाड्याखाली डोकावले. "मास्टर साब, कमान देखो." बहुतेक गाड्यांच्या कमानी सांगाड्याच्या लांबीने, चाकाजवळ असतात. इथे पुढे एक आणि मागे एक अशा कमानी आडव्या टाकलेल्या होत्या. मग त्यांनी पायाखालचे दांडे मोजले. तीन. पण आजच्यासारखे क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर नव्हेत. डावा क्लचचा आणि गिअरचा, मधला गाडी मागे नेण्याचा, उजवा ब्रेकचा. पेट्रोल कमीजास्त करण्याची दांडी स्टिअरिंगखाली, हाताने चालवायची. चारही सिलिंडर एकाच ठोकळ्यात ओतलेले. चाचा उठून हात झटकत म्हणाले, "ये निजाम की नहीं, ये कपास की गाडी है. फोर्ड टी."

फोर्डचं हे 'मॉडेल टी' ऑक्टोबर 1908 मध्ये आलं आणि मे 1927 मध्ये बंद झालं. तेवढ्या काळात दीड कोटीहून जास्त गाड्या निघाल्या. वीस हॉर्सपॉवर, हलकी, उंच, चिखलात आणि बैलगाडीच्या चाकोरीतही चालणारी. इंग्रजी साम्राज्यातल्या देशांना ती बहुतेक फोर्डच्या कॅनडातल्या कारखान्यातून जाई, कारण तिथे उजव्या हाताचं स्टिअरिंग बसवत. भारतात फोर्डची कंपनी 1926 मध्ये उभी राहिली आणि जनरल मोटर्सने मुंबईत गाड्या जोडायला 1928 मध्ये सुरुवात केली. म्हणजे त्याआधीची प्रत्येक गाडी जहाजातूनच यायची. मलकापूर, खामगाव, अकोल्याच्या कापूस बाजारात पैसा होता आणि रेल्वे दारात होती. नवाब नसलेल्या माणसाने विकत घ्यावी अशी ही पहिली मोटार.

साल कसं काढायचं? चाचांनी बोटावर हिशेब मांडला. 1916 पर्यंत टी गाडीच्या पुढच्या जाळीची चौकट पितळी असे, 1917 च्या गाड्यांपासून ती काळ्या पत्र्याची झाली. इथली काळी होती. टाकी बसायच्या जागेखालची, चपटी. 1926 च्या सुधारित गाड्यांत ती बहुधा पुढे, काचेजवळ गेली. म्हणजे 1917 ते 1925 च्या मधली गाडी. इंजिनाच्या डाव्या अंगाला, पाणी आत जाण्याच्या तोंडावर नंबर ठोकलेला असतो. त्यावरून महिनासुद्धा निघतो. आम्ही रॉकेल आणि काथ्याने तासभर घासलं, पण गंजाने आकडे खाल्ले होते. चाचांनी जोर लावू दिला नाही. म्हणाले, उरलेलंही जाईल.

घरातल्यांचे चेहरे पडले. विद्यार्थ्याचे वडील जरा रागातच म्हणाले, "म्हणजे आमचे आजोबा खोटं बोलले? मग तर त्यांनी राजूरचा घाट उलटी गाडी चालवून चढवली, हीही थापच म्हणायची." या गोष्टीवर गावात सगळे हसायचे म्हणे.

चाचा एकदम थांबले. "उलटी? कौन बोला?"

इथे मला हदीसच्या विद्वानांची पद्धत आठवली. ते फक्त मजकूर बघत नाहीत, सनदही बघतात. कोणी कोणाकडून ऐकलं, मधला रावी कोण, तो त्या काळी त्या ठिकाणी होता का. निजामाच्या बक्षिसाची गोष्ट कोणी सांगितली, हे विचारत गेलो तर साखळी एका चुलत आत्याशी तुटली. पणजोबांच्या तोंडून ती कोणीच ऐकली नव्हती. उलट्या गाडीची गोष्ट मात्र वडिलांनी स्वतः आजोबांच्या मांडीवर ऐकली होती. आणि ती शंभर टक्के शक्य आहे. टी गाडीत पेट्रोल पंपाने येत नाही, टाकीतून उताराने इंजिनात उतरतं. टाकी बसायच्या जागेखाली. पेट्रोल कमी असलं आणि चढ खडा असला, की इंजिन टाकीपेक्षा वर जातं आणि गाडी बंद पडते. मग ड्रायव्हर गाडी फिरवून उलटी चढवत. मागे जाण्याचा गिअरही ताकदीचा. मलकापूरहून बुलढाण्याला येताना राजूरच्या घाटात हेच झालं असणार. जी गोष्ट ऐकायला मोठी वाटत होती ती खोटी निघाली, आणि जिच्यावर गाव हसत होतं तीच गाडीची ओळख पटवून गेली.

मोटारींच्या इतिहासात असं फार होतं. रोल्स-रॉइसच्या गाड्या कचरा उचलायला लावून कंपनीचा सूड घेतला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. कोणी ती अलवरच्या महाराजाची सांगतो, कोणी भरतपूरच्या, कोणी निजामाची. गोष्ट तीच आणि नायक दर वेळी वेगळा, तेव्हा समजावं की सनद कच्ची आहे. आणि या गोष्टींच्या गर्दीत खऱ्या गोष्टी हरवतात. निजामाच्या रेल्वेने जून 1932 मध्ये 27 बस घेऊन प्रवासी सेवा सुरू केली. स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीची त्या वेळची बस हैदराबादला जपून ठेवली आहे. आपल्या शेजारच्या मराठवाड्यातल्या एसटीचं एक मूळ तिथे आहे. पण पिवळ्या रोल्सबद्दल दहा जण बोलतील, त्या बसच्या ड्रायव्हर-मेकॅनिकबद्दल एकही नाही.

कागद मी लिहून दिला नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून तसं सांगितलं. व्यापारी पुन्हा आला नाही. दोन महिने त्या घरातून मला फोन नव्हता. लग्नाचं आमंत्रणही आलं नाही. मला वाईट वाटलं, पण मी त्यांच्या जागी असतो तर मीही रुसलो असतो.

पावसाळ्यात विद्यार्थी घरी आला. पत्र्याच्या पेटीत सापडलेली एक वही घेऊन. शाईचं बारीक उर्दू, घसटलेलं. मी चार रात्री बसून लावलं. हिशेबाची वही होती ती. पेट्रोलचे डबे, रबर, वंगण. शेठना मलकापूर टेशनवर सोडलं. शेठना जिनिंगवर नेलं. एका ठिकाणी लिहिलं होतं की उन्हाने आरे ढिले झाले, चाकं रात्रभर नाल्यात ठेवली. बैलगाडीच्या चाकाला आपण हेच करतो. फोर्डची चाकं हिकरी नावाच्या अमेरिकन लाकडाची, पण वऱ्हाडचं ऊन काही देश बघत नाही. आणि एका पानावर 'फोड मोटर' असं नाव. पणजोबा एका कापूस व्यापाऱ्याचे ड्रायव्हर होते. मोटार मोडीत निघाली तेव्हा पगाराच्या बाकीत त्यांना मिळाली होती.

चाचांनी हे ऐकलं आणि स्वतःहून म्हणाले, चाकं मी करतो. बैलगाडी बनवणाऱ्या एका सुताराला गाठून त्यांनी बाभळीचे आरे बसवून घेतले. जुनी दोन चाकं मात्र तशीच ठेवली, रंगही लावला नाही. नवं कोणतं आणि जुनं कोणतं ते दिसलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' असा वेगळा नंबर मिळतो, वीस हजार रुपये भरून, दहा वर्षांसाठी. या गाडीला तो मिळणार नाही. तिचं मूळ रूप उरलेलंच नाही आणि ती चालणारही नाही.

ती अजून त्या पडवीतच आहे. कडबा बाजूला झाला आहे. गेल्या महिन्यात मी आमच्या आठवीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. विद्यार्थ्याचे वडील स्वतः पुढे होऊन सांगत होते, "ही मलकापूरच्या शेठची फोर्ड. माझे आजोबा चालवायचे. राजूरचा घाट उलटा चढवला होता त्यांनी." मुलं हसली. मग ते मुलांना वाकवून सांगाड्याखाली टाकी दाखवायला लागले.