दान कुणाचे, शाळा कुणाची? न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या कॅथोलिक शाळांचा इतिहास

मिशनरी शाळांबद्दल आपल्या तरुणांत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे, की मिशनरी आले नसते तर आपल्या पणजोबांच्या हाती पाटी आली नसती, म्हणून त्यांचे उपकार मानावेत आणि गप्प राहावे. दुसरे मत असे, की या शाळा म्हणजे धर्मांतराचे जाळे. हे दुसरे मत कुठल्या शाखेवर तयार होते हे सांगायची गरज नाही, पण आपल्यातलेही काही जण ते न तपासता बोलतात. दोन्ही मतांत एक प्रश्न राहून जातो. शाळा चालवत कोण होते? प्रवेश कुणाला द्यायचा, काय शिकवायचे, कुलूप कधी लावायचे, हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे होता?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही आज वाचकांना अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्स शहरात नेणार आहोत. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर जन्माला आली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तरीही काळ्यांचा इतिहास म्हटले की आपली माहिती मार्टिन ल्यूथर किंगपाशी थांबते. काळे कॅथोलिक आपल्याला जवळजवळ माहीतच नाहीत. त्यांच्या शाळांचा इतिहास मात्र आपल्याला आपला वाटावा असाच आहे.

बाप्तिस्मा दिला, माणूसपण दिले नाही

लुइझियाना ही मुळात फ्रेंच वसाहत. १७२४ साली तिथे ‘कोड न्वार’ म्हणजे काळ्यांसाठीचा कायदा लागू झाला. गुलामांना कॅथोलिक बाप्तिस्मा द्यावा, असे हा कायदा सांगत होता. त्याच कायद्याने गुलाम ही मालकाची मालमत्ता होती. देवळात येऊ न देणारा धर्म आपण पाहिला. इथे चर्चमध्ये ओढून आणणारा आणि बाहेर पडल्यावर विकणारा धर्म होता. १७२७ साली आलेल्या उर्सुलाइन जोगिणींनी मुलींची शाळा काढली, काळ्या मुलींनाही धर्मशिक्षण दिले, आणि स्वतः गुलामही बाळगले. १८३८ साली मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकले. त्या पैशातला काही भाग जॉर्जटाउन कॉलेजचे कर्ज फेडायला गेला. शिक्षणाचे पुण्य कुणाच्या पाठीवर उभे होते, ते यावरून कळते.

१८३० साली लुइझियानात गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवण्यात आला. शूद्रातिशूद्रांना ज्ञानबंदी करणारी मनुस्मृती ज्यांनी वाचली आहे, त्यांना या कायद्याचा हेतू समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्या माणसांनी काढलेली शाळा

या काळोखात दोन स्त्रिया उभ्या राहिल्या. पहिली मारी कुव्हाँ. आफ्रिकेत जन्मलेली, गुलाम म्हणून आणलेली, पुढे मुक्त झालेली विधवा. तिला स्वतःला लिहिता येत नव्हते. १८३७ साली ती वारली तेव्हा तिने आपली मालमत्ता काळ्या कॅथोलिक अनाथ मुलांच्या शाळेसाठी ठेवली होती. बऱ्याच दिरंगाईनंतर १८४८ साली ती शाळा सुरू झाली. तिचा कारभार मुक्त काळ्या माणसांच्या मंडळाकडे होता आणि शिक्षकही त्यांचेच होते.

दुसरी हेन्रिएट डेलील. १८४२ साली तिने काळ्या स्त्रियांचा ‘सिस्टर्स ऑफ द होली फॅमिली’ हा संघ स्थापन केला. गोऱ्या जोगिणींचे संघ काळ्या स्त्रीला घेत नव्हते. या बायकांना स्थापनेनंतर कित्येक वर्षे जोगिणीचा पोशाखही घालू दिला गेला नाही. तरी त्यांनी म्हाताऱ्यांना सांभाळले, अनाथांना शिकवले. १८६७ साली त्यांनी काळ्या मुलींसाठी सेंट मेरीज अकॅडमी काढली. १८८१ साली त्यांनी शहरातला ऑर्लिन्स बॉलरूम विकत घेतला. गोरे श्रीमंत जिथे मिश्रवर्णीय मुलींना नाचात पसंत करून ठेवून घ्यायचे, त्याच वास्तूत आता त्या मुली पुस्तक वाचू लागल्या.

इथे आम्ही एक कडू गोष्ट लपवणार नाही. कुव्हाँकडे गुलाम होते. डेलीलच्या मृत्युपत्रात बेट्सी नावाच्या गुलाम स्त्रीची नोंद आहे. ज्याला बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. वरच्याचा लाथाडा खाणाऱ्यालाही पायाखाली कुणीतरी मिळते, आणि म्हणून व्यवस्था टिकते. या स्त्रियांचे काम मोठे होते, आणि व्यवस्थेचा डाग त्यांच्यावरही होता. इतिहास लिहायचा तर दोन्ही लिहावे लागते.

दानासोबत आलेली भिंत

गुलामगिरी संपली, पण भेद गेला नाही. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी न्यू ऑर्लिन्सला गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसला. ही कृती ठरवून केलेली होती. तिच्यामागे काळ्या नागरिकांची समिती होती आणि समितीतले काही जण मारी कुव्हाँच्या शाळेशी जोडलेले होते. आपल्या माणसांच्या हातातली शाळा काय पिकवते ते पाहा. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ म्हणत भेदभाव कायदेशीर केला.

चर्च मात्र न्यायालयाच्याही एक वर्ष पुढे होते. १८९५ साली आर्चबिशप यान्सेन्स यांनी काळ्यांसाठी वेगळे सेंट कॅथरीन चर्च सुरू केले. पैसा दिला फिलाडेल्फियाच्या बँकर घराण्यातल्या कॅथरीन ड्रेक्सेल या जोगिणीने. नागरिकांच्या समितीने कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते: आम्हाला वेगळे चर्च नको, एकाच चर्चमध्ये समान जागा हवी.

ड्रेक्सेल यांचा हेतू वाईट नव्हता. १८९१ साली त्यांनी स्वतःचा संघ स्थापन केला आणि वारशातली प्रचंड संपत्ती काळ्या आणि आदिवासी मुलांच्या शिक्षणावर खर्च केली. १९१५ साली न्यू ऑर्लिन्समध्ये त्यांनी झेव्हियर ही माध्यमिक शाळा काढली. १९२५ पासून तिच्यातून महाविद्यालय वाढले आणि आज ते झेव्हियर विद्यापीठ आहे. हजारो काळे डॉक्टर, औषधनिर्माते, शिक्षक तिथून निघाले. हे सगळे खरे. पण ज्यांची सेवा करायची त्या काळ्या मुलींना ड्रेक्सेल यांच्या संघात जोगीण म्हणून कित्येक दशके प्रवेश नव्हता, हेही तितकेच खरे. सेवा घ्या, सोबत बसू नका.

आपल्याला हे ओळखीचे वाटत नाही का? १९३२ साली हरिजन सेवक संघ निघाला तेव्हा बाबासाहेबांनी ठक्करांना पत्र लिहून सांगितले, की विहिरी आणि शिष्यवृत्त्या वाटत बसण्यापेक्षा अस्पृश्यांच्या नागरी हक्कांसाठी लढा उभारा. संघाने ते ऐकले नाही. अस्पृश्यांना कारभारात स्थान हवे, या मागणीवर उत्तर मिळाले की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे. वेगळी विहीर बांधून देणारा दाता चवदार तळ्यावर सोबत येत नाही. न्यू ऑर्लिन्सच्या समितीला हे १८९५ सालीच कळले होते.

पर्पल नाइट्स

१९५१ साली आर्चबिशपच्या धर्मप्रांताने काळ्या मुलांसाठी सेंट ऑगस्टिन हायस्कूल उघडले आणि जोसेफाइट पाद्र्यांच्या हाती दिले. नावही पाहा: संत ऑगस्टिन उत्तर आफ्रिकेतला. शाळा वेगळेपणाच्या भिंतीआडच जन्मली. पण मुलांनी, पालकांनी आणि शिक्षकांनी ती आपली केली. रोजची प्रार्थना, कडक शिस्त, लॅटिनचे धडे, फुटबॉल आणि बँड यांतून एक समाज घडला. जांभळा आणि सोनेरी हे रंग सातव्या वॉर्डाचा अभिमान झाले.

आणि मग हा समाज भिंतीवर धडका देऊ लागला. लुइझियानाची क्रीडा संघटना काळ्या शाळांना घेत नव्हती. सेंट ऑगस्टिन न्यायालयात गेली आणि १९६७ साली जिंकली. त्याच वर्षी तिचा बँड मार्दी ग्रासच्या ‘रेक्स’ मिरवणुकीत वाजवत निघाला, असा पहिला काळा बँड. तोवर गोऱ्यांच्या या मिरवणुकांत काळ्यांचे काम मशाली धरण्याचे. गावच्या मिरवणुकीत हलगी आपली आणि पालखी त्यांची, हे ज्यांनी भोगले त्यांना याचा अर्थ कळेल. गर्दीतून त्या मुलांवर थुंकले गेले, घाण फेकली गेली. मुलांनी रांग मोडली नाही.

चर्चच्या वरिष्ठांचे काय? आर्चबिशप रमेल यांनी १९५६ साली वंशभेद हे पाप असल्याचे लिहिले. पण कॅथोलिक शाळांचे दरवाजे सर्वांसाठी उघडले ते १९६२ साली. सरकारी शाळा न्यायालयाच्या आदेशाने १९६० सालीच उघडल्या होत्या. ते प्रकरण लढवणारा वकील ए. पी. ट्युरो हा स्वतः काळा कॅथोलिक. म्हणजे चर्चच्या आधी चर्चमधला काळा माणूस संविधान घेऊन पुढे गेला. रमेल यांना श्रेय द्यायचे तर तेही देऊ: विरोध करणाऱ्या तीन गोऱ्यांना त्यांनी धर्मबहिष्कृत केले. सेंट ऑगस्टिन हायस्कूल ज्या रस्त्यावर आहे त्याला आज ट्युरोचे नाव आहे.

कुलूप लावण्याचा अधिकार

२००५ साली कतरिना वादळात शहर बुडाले. जानेवारी २००६ मध्ये सेंट मेरीज, सेंट ऑगस्टिन आणि झेव्हियर या तिन्ही काळ्या शाळा एकाच इमारतीत एकत्र भरल्या. कालपर्यंत मैदानावर एकमेकींशी भांडणाऱ्या शाळांनी बाके वाटून घेतली. समाजजीवन म्हणतात ते हे.

पण २०१३ साली ड्रेक्सेल यांच्या संघाने झेव्हियर ही माध्यमिक शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. जवळजवळ शंभर वर्षांची शाळा, आणि निर्णय दात्याचा. तेव्हा माजी विद्यार्थिनी उभ्या राहिल्या. त्यांनी त्याच वर्षी शाळा नव्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर सुरू केली. नाव दिले सेंट कॅथरीन ड्रेक्सेल. दात्रीबद्दल कृतज्ञता ठेवली आणि किल्ली स्वतःकडे घेतली. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे सार या एका कृतीत आहे.

आपल्यापुढचा प्रश्न

‘अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण’ आणि ‘धर्मांतरिताची स्थिती’ हे बाबासाहेबांचे लेख इंग्रजी साहित्याच्या पाचव्या खंडात आहेत. तरुणांनी ते वाचावेत. मिशनांच्या कामाची दखल घेऊनच बाबासाहेब विचारतात, की त्यांच्या शिक्षणाचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीयांना का झाला आणि धर्मांतरितांमध्ये जात का टिकली? चर्चला याचे उत्तर द्यायला फार काळ लागला. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथोलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमधला जातिभेद मान्य केला. दुसरीकडे १९५० च्या राष्ट्रपती आदेशामुळे दलित ख्रिस्ती आजही अनुसूचित जातीत नाहीत. त्यांच्या न्याय्य मागणीला आपण साथ दिली पाहिजे. जात धर्म बदलून सुटत नाही, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे?

राहता राहिला किल्लीचा प्रश्न. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय उघडले, कारण दुसऱ्याच्या दारात प्रवेश मागणे आणि स्वतःचे दार असणे यांतला फरक त्यांनी ओळखला होता. संविधानाचे कलम ३० अल्पसंख्याकांना शाळा स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. चर्चने तो पुरेपूर वापरला. बौद्ध हेही केंद्राने १९९३ साली अधिसूचित केलेले अल्पसंख्याक आहेत. मग वस्तीवस्तीत विहार बांधताना त्याला लागून अभ्यासिका आणि शाळा का नको? जयंतीच्या डीजेचा खर्च एका वर्षी शाळेच्या खोलीत का नको? आपल्या महापुरुषांच्या नावाने चाललेल्या संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांनी हिशेब का मागू नये?

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी त्या शाळेबद्दल कृतज्ञ जरूर असावे. कृतज्ञतेने प्रश्न बंद होत नाहीत. न्यू ऑर्लिन्सच्या त्या माजी विद्यार्थिनींकडे ना बिशपची सत्ता होती ना बँकरचा वारसा. त्यांनी एकमेकींना फोन केले, पैसे जमवले आणि त्याच वर्षी वर्ग भरवले. येत्या १४ एप्रिलच्या नियोजनाच्या बैठकीत हा विषय मांडायला आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज आहे का?

जय भीम!