विकायचे घर आणि स्वयंपाकघराचा ओटा : मुर्धा गावापासून फ्रँकफर्टपर्यंत

१/ भाईंदरच्या पश्चिमेकडील इतिहास म्हटला की धारावीचा किल्ला आणि १७३७ ते १७३९ची वसईची मोहीम आठवते. त्याच रस्त्यावरच्या राई, मुर्धा, मोर्वा या गावांतील चुलींची नोंद कोणत्याही बखरीत नाही. पण आज तिथल्या अनेक कुटुंबांपुढे असलेला एक प्रश्न त्या चुलीपाशीच सुरू होतो. घर विकायचे आहे. तत्पूर्वी स्वयंपाकघर नवे करावे की आहे तसेच विकावे? हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा.

२/ पडवी, ओटी, माजघर आणि सर्वांत आत चूल, अशी कोकणपट्टीतील जुन्या घराची रचना. परका मनुष्य ओटीवरच थांबे. चुलीला वैल जोडलेला असे, धूर कौलांच्या फटींतून निघून जाई, भिंती काजळत. त्या काजळीची लाज कोणाला वाटत नसे, कारण ती पाहण्यास कोणी येतच नसे. घर क्वचित विकले गेले तरी घेणारा जागा, विहीर, झाडे पाही. चूल पाहून घराचा भाव ठरविणे ही कल्पनाच त्या काळाला हास्यास्पद वाटली असती.

३/ मग स्वयंपाकघर भावात शिरले केव्हा? दोन घटना घडाव्या लागल्या. पहिली, स्वयंपाक करणारी उभी राहिली. दुसरी, घर जमिनीपासून सुटे झाले.

४/ उभे राहण्याची गोष्ट आधी. १९२६मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार स्त्रीने जर्मनीतील फ्रँकफर्टच्या नगरपालिका वसाहतींसाठी एक चिंचोळे स्वयंपाकघर आखले: सुमारे १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब, कमीत कमी पावलांत सर्व हाताशी. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. आपल्याकडे हे परिवर्तन निराळ्या वाटेने आले. १९५५मध्ये मुंबईत सिलिंडरमधील गॅस विक्रीस आला. शेगडी सिलिंडरच्या पातळीहून उंच असावी, हा त्याचा सुरक्षेचा नियम. चूल जमिनीवर चालत होती. गॅसला ओटा हवा. गृहिणीला पाटावरून उठविण्याचे काम सुधारकांच्या व्याख्यानांपेक्षा या एका नियमाने अधिक केले असावे. ओट्यावर कडप्पा आला, पुढे ग्रॅनाइट. भिंतीला टाइल्स लागल्या. स्वयंपाकघर प्रथमच दाखविण्याजोगे झाले.

५/ दुसरी घटना कायद्यातली. १९४७च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या छायेत शहरातील सामान्य माणूस भाडेकरू होता; स्वतःचे नसलेले घर तो विकणार कसे? पागडीचा व्यवहार चाले, पण तो हक्काचा नव्हे, ताब्याचा. १९६०चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३चा मालकी सदनिका कायदा यांनी चित्र पालटले. इमारतीत कोणत्या जोडण्या व सुविधा असतील हे विकासकाने उघड करावे, असे १९६३च्या कायद्याने बजावले. फ्लॅटधारकाच्या हाती स्वतंत्र जमीन नसते. त्याने विकायचे ते चार भिंतींतील अवकाश, आणि त्यात सर्वांत खर्चाची खोली स्वयंपाकघराची.

६/ मीरा-भाईंदरमध्ये हे दोन्ही काळ आज शेजारी शेजारी नांदतात. १९८५मध्ये पाच ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, १९९०मध्ये राई-मुर्ध्यासह आणखी गावे तीत आली, २००२मध्ये महानगरपालिका झाली. स्टेशनजवळ इमारतींची रांग उभी राहिली आणि मुर्धा गावात कौलारू घरेही टिकली. म्हणून एकाच प्रश्नाची येथे दोन उत्तरे संभवतात.

७/ गावठाणातील जुने घर घेणाऱ्याचे लक्ष बहुधा जागेवर असते. घर पाडून नवे बांधण्याचाच त्याचा बेत असतो. तिथे नवा ओटा घालणे म्हणजे पाडायच्या भिंतीला रंग देणे. अशा घराची खरी दुरुस्ती कागदांत असते. गावठाणाला सहसा घरागणिक सातबारा नसतो. भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका असते, आणि तीवर पुष्कळदा आजोबांचेच नाव राहून गेलेले असते. वारसनोंद, मोजणी, हिश्शांची संमती यांत घातलेला रुपया ग्रॅनाइटपेक्षा अधिक परत येतो.

८/ फ्लॅटचा विचार निराळा. तिथे खरेदीदार स्वयंपाकघरात उभा राहून नळ उघडून पाहतो. तरीही संपूर्ण नूतनीकरण हा जुगारच. कोणाला शेगडी आग्नेयेला हवी असते, कोणाला मॉड्युलर कपाटे स्वतःच्या पसंतीची. विक्रेत्याने घातलेला ओटा महिन्याभरात फुटतो. गळका नळ, सैल टाइल, जळकट बोर्ड, उखडलेला रंग एवढे नीट केले की बहुतेक घरांना पुरते.

९/ गळतीचे मात्र वेगळे. मोरीतून किंवा वरच्या मजल्यावरून ओल येत असेल आणि तीवर नव्या टाइल्स चढविल्या, तर ते नूतनीकरण राहत नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ विक्रेत्यावर कर्तव्य टाकते: खरेदीदारास सामान्य दक्षतेने न कळणारा आणि विक्रेत्यास ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. काजळलेली भिंत कोणाला फसवीत नव्हती. चकचकीत टाइल फसवू शकते.

१०/ कलम १८८२चे, म्हणजे सिलिंडर मुंबईत येण्याच्या ७३ वर्षे आधीचे. ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ग्रॅनाइटचा ओटा असणे शक्यच नव्हते. तरी भाईंदरमधल्या फ्लॅटचा सौदा ओलीवरून बिनसला, तर वकील आजही तेच पान उघडतो.