पेव, कणगी आणि पत्र्याची शेड

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण येता-जाता वापरतो. क्लासेसचं पेव, मॉल्सचं पेव, हिंजवडीच्या रस्त्यावर बिर्याणीच्या दुकानांचं पेव. पण पेव म्हणजे नक्की काय, हे आमच्या टीममधल्या आठ मराठी पोरांपैकी एकालाच सांगता आलं, आणि तो धुळ्याचा निघाला. (मी खान्देशी आहे म्हणून सांगत नाही!)

पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार. गावची जमीन दोन प्रकारची: काळीत पीक, पांढरीत वस्ती. काळी उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून पेव खणायचं ते पांढरीत, नाहीतर मुरमाच्या उंचवट्यावर. तोंड अरुंद, पोट मोठं. आतून लिंपायचं, कडेने कडबा लावायचा, ज्वारी भरायची आणि तोंड मातीने बुजवून टाकायचं. आता गंमत बघा. धान्य जिवंत असतं, ते श्वास घेतं. आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे गुदमरून मरतात. ना औषध, ना पावडर! १९८०च्या दशकात अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी कॅमेरूनमध्ये चवळी टिकवायला हवाबंद पिशव्या काढल्या, त्यांचं तत्त्व हेच. या सिस्टीममध्ये एक बग मात्र आहे. पेव उघडल्याबरोबर माणूस आत उतरला तर तोही गुदमरतो. म्हणून आधी ते मोकळं ठेवायचं, आत दिवा सोडून बघायचा आणि दिवा विझला तर थांबायचं.

ही युक्ती किती जुनी? पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून उत्खनन केलं. तिथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत साठवणीचे खड्डे आणि कणग्या ठेवायचे ओटे सापडले. त्यातलं एक पाच खोल्यांचं घर बाकीच्यांपेक्षा मोठं, आणि त्याच्या शेजारीच धान्याचं कोठार. हे घर गावच्या प्रमुखाचं असावं, असं पुरातत्त्वज्ञ म्हणतात. मला यात नवल वाटत नाही. ज्याच्याकडे ठेवायला जागा, त्याच्या हातात गाव.

पुढे धाब्याच्या घरात कणग्या आल्या, भिंतीत बळदं आली, वर माळा आला. ते आजीकडून सगळ्यांनीच ऐकलंय, त्यामुळे असो. खान्देशात खरा घोळ केला तो कापसाने. ज्वारी तुम्ही खाण्यासाठी ठेवता, कापूस ठेवता तो भावासाठी. आणि तो जागा खातो. दाबून बांधलेली गाठ १७० किलोची असते, पण शेतातून आलेला मोकळा कापूस म्हणजे खोलीभर ढगच.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. इकडे भाव भडकले. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळला आली. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. अशा खेळात कोण तगतं? ज्याच्याकडे स्टेशनजवळ गोदाम आणि हातात पैसा आहे तो. सुगी संपली की सरकारी साऱ्याचा हप्ता डोक्यावर असायचा, शेतकरी थांबणार कसा? आमच्या भाषेत सांगायचं तर बफर व्यापाऱ्याकडे आणि लोड सगळा शेतकऱ्यावर.

यावर महाराष्ट्र सरकारने १९७२मध्ये उपाय काढला: कापूस एकाधिकार खरेदी. विकायचा तर सरकारलाच. ती योजना सुमारे तीस वर्षं चालली. भावाची हमी मिळाली खरी, पण खरेदी केंद्रांबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या. आप्पा सांगतात, थंडीत ते गाडीखालीच झोपायचे. म्हणजे गोदाम रस्त्यावर आलं, इतकंच.

आता अलीकडचं. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्यामुळे पुढच्या वर्षी खान्देशात घरोघरी कापूस थोपवून धरला गेला. आमच्याही पुढच्या खोलीत तो छतापर्यंत होता. टीव्ही, देव आणि आईचं शिवणयंत्र, सगळं ओसरीवर. घरातल्या सगळ्यांना खाज सुटली. चूल बाहेर नेली, कारण एक ठिणगी पुरते. भाव मात्र खालीच घसरत गेला. वर शेतीखात्याचे लोक सांगत होते, कापूस घरात ठेवू नका, गुलाबी बोंडअळी त्यातूनच पुढच्या हंगामात जाते. बरोबर आहे. पण मग ठेवायचा कुठे, तेही सांगा ना!

म्हणून परसात शेड. आप्पा म्हणाले, "बारा बाय अठराची कर, कांदाही त्यातच टाकू." मी म्हटलं, "आप्पा, कांद्याला वारा लागतो. ज्वारीला वारा नको आणि कापसाला ओल नको. एकाच पत्र्याखाली तिघं कसे नांदतील?" साक्रीकडच्या कांदाचाळी पाहिल्यात ना? तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना पट्ट्यांच्या फटी. ती रचना ज्वारीच्या पेवाच्या बरोबर उलटी आहे. आप्पांनी हिशेब ऐकला आणि काथ्याकूट करून मधे भिंत घालायला तयार झाले. कांद्याकडची बाजू पट्ट्यांची, कापसाकडे उंच जोतं, वीज दोन्हीकडे नाही. आईची अट एकच होती: शेड घरापासून इतकी लांब हवी, की आग लागली तरी घर वाचेल.

खांब उभे राहिलेत. पत्रे दिवाळीआधी चढायला हवेत, कारण वेचणी सुरू झालीये.