कॉलबॉयची हाक

१९०० साली धुळ्याचा फाटा निघाला आणि चाळीसगाव जंक्शन झालं. माझे वडील इथे वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, पुढे ड्रायव्हर. आमच्या क्वार्टरच्या दारावर रात्री कधीही ड्यूटीचं बोलावणं घेऊन आलेल्या कॉलबॉयची थाप पडे, वडील वहीत सही करत आणि आई पिठाला हात घाली. ड्यूटी सुरू कधी होणार ते कळे, संपणार कधी ते नाही.

कामाचा बोजा मोठा आणि त्यावर स्वतःचा ताबा शून्य, ही जोडी माणसाला आतून पोखरते, असं संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं. ड्रायव्हरचं काम नेमकं तसंच: वेग, थांबा, वेळ, सगळं सिग्नल ठरवणार, जबाबदारी मात्र त्याची. सतत सावध राहिलं की रक्तवाहिन्या आकसतात. झोपेत रक्तदाब खाली यायला हवा. पण झोपच मोडली तर त्या दाबाला उसंत कुठली?

ड्रायव्हर-फायरमनांना, म्हणजे रनिंग स्टाफला, हे कारासेक यांच्याआधी कळलं होतं. ऑगस्ट १९७३ च्या त्यांच्या संपानंतर सरकारनं ड्यूटीला दहा तासांची मर्यादा कबूल केली, अंमलबजावणी मात्र रखडली. ८ मे १९७४ ला देशभर रेल्वे कामगारांचा संप सुरू झाला, तो वीस दिवस चालला. मागण्यांत आठ तासांचा दिवसही होता. त्या संपाला केवळ पगाराचा संप म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. माणसं झोप मागत होती.

वडिलांना पन्नाशीआधीच रक्तदाबाची गोळी लागली. निवृत्तीनंतरही रात्री दार वाजलं की ते चपला शोधत.